एकाच ग्राहकाची ८३ डोमेन नावं: रिन्यूअलच्या तारखा एका दिवसावर कशा आणायच्या?

पंचगंगा_होस्ट

नमस्कार. कास्टिंग निर्यात करणाऱ्या कोल्हापूरच्या एका कंपनीची ८३ डोमेन नावं आमच्याकडे सांभाळायला आली आहेत. ४७ डॉट कॉम, ६ डॉट नेट, डॉट इन आणि डॉट को डॉट इन मिळून २२, ४ डॉट को डॉट यूके, २ डॉट कॉम डॉट एयू आणि २ डॉट डीई. तीन रजिस्ट्रार (नावं नोंदवून देणाऱ्या कंपन्या), पाच लॉगिन. कंपनीचं नाव, उत्पादनांची नावं, त्यांची चुकीची स्पेलिंग्ज असं जसजसं सुचत गेलं तसतसं घेतलेलं आहे, त्यामुळे मुदती वर्षभर विखुरल्या आहेत. दर महिन्याला चार-सहा नावं निघतात आणि प्रत्येक वेळी कोटेशन, परचेस ऑर्डर, मंजुरी, बिल हा सगळा फेरा होतो.

ग्राहकाला वर्षातून एकदा एकच मंजुरी आणि एकच बिल हवं आहे. माझे प्रश्न असे:

एक्स्पायरीची तारीख आपल्याला हव्या त्या दिवशी नेता येते का? मुदतीच्या आधी रिन्यू केलं तर उरलेले दिवस बुडतात का? (त्यांच्या लेखा विभागाची ही ठाम समजूत आहे.) आधी सगळी नावं एका रजिस्ट्रारकडे आणायची आणि मग तारखा जुळवायच्या, की उलट? आणि त्यांच्या आयटीवाल्यांनी सुचवलंय की कमी महत्त्वाची नावं एक्स्पायर होऊ द्यावीत आणि ठरलेल्या दिवशी नव्याने नोंदवावीत. हे कितपत शहाणपणाचं?

---

झोनफाइल

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यात नुकसान कायमचं आहे. हे अजिबात करू नका. डॉट कॉमची मुदत संपल्यावर नाव त्या दिवशी मोकळं होत नाही. रजिस्ट्रीचा (म्हणजे डॉट कॉमची मूळ नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेचा) ऑटो-रिन्यू ग्रेस पीरियड ४५ दिवसांपर्यंत, डिलीट झाल्यावर रिडेम्प्शनचे (नाव सोडवून घेण्याचे) ३० दिवस, मग पेंडिंग डिलीटचे ५ दिवस. सुटण्याचा दिवस तुमच्या हातात नसतो. बरेच रजिस्ट्रार तर त्याआधीच नाव लिलावात काढतात. जुनं नाव सुटतंय यावर नजर ठेवून बसलेले लोक कमी नाहीत, आणि ज्या नावाला बाहेरून लिंक आहेत किंवा ज्यावर कधीकाळी ई-मेल चालायचा ते तर लगेच उचललं जातं. मग त्या पत्त्यावर येणारी जुन्या गिऱ्हाइकांची मेल तिसऱ्याच माणसाकडे जाते.

आता तारखेबद्दल. रजिस्ट्रार आणि रजिस्ट्री ज्या ईपीपी प्रोटोकॉलवर बोलतात त्यातली रिन्यू आज्ञा दोन गोष्टी पाठवते: सध्याची एक्स्पायरी तारीख आणि किती मुदत वाढवायची. प्रोटोकॉलमध्ये महिन्यांचीही सोय आहे, पण कॉम-नेटसारख्या रजिस्ट्री वर्षांतच घेतात. म्हणजे रिन्यू केल्याने साल बदलतं, दिवस आणि महिना तोच राहतो. मुदत सध्याच्या एक्स्पायरीपासून पुढे मोजली जाते, पैसे भरल्याच्या दिवसापासून नव्हे. १२ ऑक्टोबर २०२६ ला संपणारं नाव जूनमध्ये रिन्यू करा किंवा ११ ऑक्टोबरला करा, नवीन तारीख १२ ऑक्टोबर २०२७ च येते. लेखा विभागाला हे एक उदाहरण दाखवा, एकही दिवस बुडत नाही. मर्यादा एकच: आजपासून दहा वर्षांच्या पुढे मुदत जाऊ शकत नाही. सव्वानऊ वर्षं शिल्लक असलेल्या नावाला आणखी एक वर्ष मागितलं तर रजिस्ट्री नकार देते.

दिवस-महिना खरोखर हलवायचा असेल तर कॉम आणि नेटसाठी त्यांची रजिस्ट्री असलेल्या व्हेरिसाइनकडे ‘कन्सॉलिडेट’ नावाची सेवा आहे. तांत्रिक भाषेत ती अपडेट आज्ञेला जोडलेलं सिंक एक्स्टेन्शन आहे. त्यात फक्त महिना आणि दिवस जातो, साल जात नाही. तारीख पुढेच सरकते, मागे कधीच येत नाही. त्यामुळे ज्या नावाची मुदत ठरलेल्या दिवसाच्या जरा आधी संपते त्याला थोडे दिवस विकत घ्यावे लागतात, आणि जरा नंतर संपते त्याला जवळजवळ पूर्ण वर्ष.

ही सेवा रजिस्ट्रारला मिळते, ग्राहकाला थेट नाही. रजिस्ट्रारने ती आपल्या पॅनेलमध्ये आणली असेल तरच बटण दिसेल. नाहीतर सपोर्टला लेखी विचारा, आणि दर दिवसावर लावतात की महिन्यावर तेही विचारून घ्या.

हमखास अडणारी जागा लॉकची. सिंक ही अपडेट आज्ञेवर बसलेली असल्यामुळे नावावर क्लायंट-अपडेट-प्रोहिबिटेड स्टेटस असेल तर ती परत येते. रिन्यूसाठी वेगळं स्टेटस आहे, क्लायंट-रिन्यू-प्रोहिबिटेड. काही रजिस्ट्रार ही दोन्ही स्टेटस सगळ्या नावांवर सरसकट लावून ठेवतात आणि आपल्या पॅनेलमधून काम करताना तात्पुरती काढतात. पण एखाद्या नावावर रजिस्ट्री लॉक, म्हणजे सर्व्हर-अपडेट-प्रोहिबिटेड असेल तर ते फोनवर ओळख पटवून, ठरलेल्या वेळेत हाताने उघडावं लागतं. अशा नावाला सिंकच्या यादीतून सरळ वगळा. ट्रान्सफर (रजिस्ट्रार बदलणं) चालू असलेली आणि रिडेम्प्शनमध्ये गेलेली नावंही आधी मार्गी लावा.

डॉट इन आणि डॉट को डॉट इनसाठी पूर्ण वर्षंच धरून चाला.

---

मुदतवाढ

झोनफाइल यांनी यंत्रणा बरोबर सांगितली आहे. पण माझं स्पष्ट मत असं की ग्राहकाने जे मागितलंय त्यासाठी ८३ नावांची रजिस्ट्रीतली तारीख एक करायची गरज नाही. त्यांना काम आणि बिल एका दिवशी हवंय. ते तारखा न हलवताही होतं, आणि ते सगळ्या रजिस्ट्रारकडे, जवळपास सगळ्या प्रकारच्या नावांना चालतं.

पद्धत अशी. वर्षातला एक कामाचा दिवस ठरवा, समजा २५ जून. त्या दिवशी एकच नियम लावायचा: आजचं काम संपल्यावर कुठल्याही नावाची एक्स्पायरी पुढच्या वर्षीच्या २५ ऑगस्टच्या आधीची असता कामा नये. म्हणजे २५ जून २०२६ ला बसलात तर २५ ऑगस्ट २०२७ च्या आत संपणारं प्रत्येक नाव रिन्यू करायचं. बारा महिन्यांवर हे दोन महिने जास्तीचे धरले आहेत ते मुद्दाम. पुढच्या वर्षी मंजुरी लांबली, कोणी रजेवर गेलं, बँकेने पैसे अडवले, तरी हातात साठ दिवस राहतात.

पहिल्या वर्षी दोन गटांची नावं वेगळी वागतात. २५ जून ते २५ ऑगस्ट २०२६ मध्ये संपणाऱ्या नावांना एक वर्ष दिलं तर ती २०२७ च्या जून-ऑगस्टमध्येच येतात, म्हणजे नियमात बसत नाहीत. त्यांना पहिल्याच फेरीत दोन वर्षं द्या. दुसरा गट म्हणजे मार्च ते मेमध्ये नुकतीच रिन्यू झालेली नावं. त्यांचे पैसे ग्राहकाने दोन-तीन महिन्यांपूर्वीच भरलेले असतात आणि आता पुन्हा भरायचे. इथे फोन येतो. म्हणून कोटेशनसोबतच प्रत्येक नावापुढे ‘आधीची मुदत, नवीन मुदत’ असे दोन रकाने द्या. दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक नावाला बरोबर एक वर्ष लागतं आणि आकडा स्थिर होतो.

लवकर रिन्यू करण्यात एक फायदाही आहे: मुदत आजच्या दराने मिळते. डॉट कॉमचा घाऊक दर १ सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर झाला, त्याआधी ९.५९ होता. दरवाढ जाहीर होते आणि लागू होते यांच्यामध्ये सहा महिन्यांची सूचना असते. तेवढ्यात ज्यांची फेरी येते त्यांना जुना दर मिळतो.

यादी बनवताना रजिस्ट्रारच्या पॅनेलवर विसंबू नका. प्रत्येक नावाचा आरडॅप डेटा (नोंदीची सार्वजनिक माहिती) काढा. जेनेरिक नावांसाठी (कॉम, नेट यांसारख्या, देशाच्या नसलेल्या) २८ जानेवारी २०२५ पासून हूइज ही जुनी माहिती-सेवा चालवण्याचं बंधन उरलेलं नाही, त्यामुळे जुन्या स्क्रिप्ट रिकाम्या हाताने परत येऊ शकतात. नुसती तारीख पाहू नका, स्टेटस पाहा. इथे मोठी फसगत होते. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्री आपोआप एक वर्ष वाढवून ठेवते. ग्राहकाने पैसे भरलेले नसतात, साइट बंद पडलेली असते, आणि रजिस्ट्रीच्या डेटात मात्र पुढच्या वर्षीची तारीख झळकत असते. सोबत ‘ऑटो रिन्यू पीरियड’ हे स्टेटस असेल तर ती तारीख कच्ची समजा. रजिस्ट्रारने ४५ दिवसांच्या आत नाव डिलीट केलं तर ते वर्ष गेलं.

वेळही जागतिक प्रमाणवेळेत असते. रात्री आठ वाजता संपणारं नाव आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे दीडला संपतं. तुमच्या तक्त्यात एका रजिस्ट्रारची तारीख भारतीय वेळेची आणि दुसऱ्याची प्रमाणवेळेची आली की एका दिवसाचा फरक पडतो. सगळं प्रमाणवेळेतच लिहा.

आणि यादी कामाच्या दिवशी सकाळी पुन्हा काढा. काही रजिस्ट्रार ऑटो-रिन्यू मुदतीच्या महिनाभर आधीच मारतात. ५ जुलैला संपणारं नाव ५ जूनला आपोआप रिन्यू झालं, तुमच्या हातात मेमधली यादी आहे, आणि २५ जूनला तुम्ही त्याला पुन्हा दोन वर्षं दिलीत, तर तीन वर्षं झाली. ईपीपीमध्ये सध्याची तारीख पाठवावी लागते ती नेमकी हे टाळण्यासाठीच, तारीख जुळली नाही तर आज्ञा फेटाळली जाते. पण पॅनेलमधून खूण करून ‘सर्व रिन्यू’ दाबताना ती तारीख पॅनेल स्वतःच भरतं, त्यामुळे हे संरक्षण तुम्हाला मिळत नाही.

परदेशी नावांबद्दल थोडक्यात. डॉट को डॉट यूके या पद्धतीत नीट बसतं. डॉट कॉम डॉट एयूचं रिन्यूअल मुदतीच्या ९० दिवस आधीपर्यंतच उघडतं, त्यामुळे ती दोन नावं वेगळ्या स्मरणपत्रावर ठेवा. शिवाय तिथे पात्रता लागते: कंपनी ऑस्ट्रेलियात नोंदलेली नसून तिथल्या ट्रेडमार्कच्या आधारावर नाव घेतलं असेल, तर तो ट्रेडमार्क जिवंत आहे ना हे आधी पाहा. डॉट डीईच्या सार्वजनिक डेटात एक्स्पायरी तारीखच नसते, तुमचा आणि सेवा देणाऱ्याचा करार जसा असेल तसं बिल येतं. तिथे बिलाची तारीखच बदलून मागायची.

---

पंचगंगा_होस्ट

दोघांचेही मनापासून आभार. कामाचा दिवस एक आणि रजिस्ट्रीतल्या तारखा वेगळ्या, हा विचार आम्ही केलाच नव्हता. तरी ४७ डॉट कॉमना सिंक करावं का? आमचा मुख्य रजिस्ट्रार ते दिवसांच्या हिशेबाने देतो, नावामागे वर्षाला १,२०० रुपये अधिक जीएसटी या दराने. आणि ट्रान्सफरचं राहिलंच. बाकीच्या दोन रजिस्ट्रारकडची ३१ नावं (सगळी कॉम, नेट आणि इन) मुख्य रजिस्ट्रारकडे आणायची आहेत. ट्रान्सफरमध्ये एक वर्ष आपोआप मिळतं, तर तेच रिन्यूअल समजलं तर चालेल ना?

---

झोनफाइल

सिंकचा हिशेब तुमच्या दराने करून पाहा. लक्ष्य २५ ऑगस्ट धरू, म्हणजे ‘मुदतवाढ’ यांच्या नियमाशी जुळतं.

१२ ऑगस्ट २०२६ ला संपणारं नाव १३ दिवस पुढे जाईल, ४२.७४ रुपये. २ मार्च २०२७ चं नाव १७६ दिवस, ५७८.६३ रुपये. १२ ऑक्टोबर २०२६ चं नाव २५ ऑगस्ट २०२७ पर्यंत ३१७ दिवस, १,०४२.१९ रुपये, १८ टक्के जीएसटीसह १,२२९.७८. आणि ३ सप्टेंबर २०२६ चं नाव ३५६ दिवस, १,१७०.४१ रुपये. यातला एकही रुपया वाया जात नाही, तेवढी मुदत मिळतेच. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या नावांना सिंक आणि पूर्ण वर्षाचं रिन्यूअल यांत खर्चाचा फरक इतका कमी आहे की केवळ नीटनेटकेपणासाठी ते करायचं. ज्या नावांची लक्ष्य तारखेच्या मागच्या सहा महिन्यांत मुदत संपते तिथेच सिंकमध्ये अर्थ आहे. रजिस्ट्रार प्रत्येक सिंकमागे ठराविक शुल्क वेगळं लावत असेल तर तोही विचार सोडा.

ट्रान्सफरचं वर्ष रिन्यूअल म्हणून चालतं, पण वेळ पाहून. कॉम, नेट आणि इनमध्ये ट्रान्सफर पूर्ण झाली की सध्याच्या एक्स्पायरीत एक वर्ष मिळतं, दहा वर्षांच्या मर्यादेत बसेल तेवढं. डॉट को डॉट यूके किंवा डॉट कॉम डॉट एयूमध्ये रजिस्ट्रार बदलल्याने वर्ष मिळत नाही. ती तुमच्या ३१ मध्ये नाहीत, पण पुढे कधी हलवलीत तर लक्षात असू द्या.

आता धोक्याची जागा. मुदत संपून गेली, जुन्या रजिस्ट्रारकडे ग्राहकाने रिन्यूअलचे पैसे भरले, आणि त्यानंतर ४५ दिवसांच्या आत तुम्ही ट्रान्सफर सुरू केलीत. रजिस्ट्रीने आपोआप वाढवलेलं वर्ष अशा वेळी मागे घेतलं जातं, घाऊक पैसे जुन्या रजिस्ट्रारला परत मिळतात, आणि ट्रान्सफरचं वर्ष त्याच जागी बसतं. ग्राहकाने दोनदा पैसे दिले आणि मुदत एकाच वर्षाने वाढली. जुना रजिस्ट्रार परतावा देईलच असं नाही. म्हणून मुदत संपायला किमान दोन महिने असताना ट्रान्सफर सुरू करा, नाहीतर मुदतीनंतर ४५ दिवस उलटून जाऊ द्या.

क्रम असा ठेवा: आधी ट्रान्सफर, मग मालकाच्या तपशिलातली दुरुस्ती, मग सिंक, शेवटी वार्षिक फेरी. मालकाचं नाव, संस्था किंवा ई-मेल आधी बदललात तर जेनेरिक नावांवर ६० दिवसांचा ट्रान्सफर लॉक बसू शकतो. नवीन नोंदणीनंतर आणि एकदा ट्रान्सफर झाल्यावरही ६० दिवस पुढची ट्रान्सफर होत नाही, त्यामुळे चुकीच्या खात्यात गेलेलं नाव लगेच परत फिरवता येणार नाही. ऑथ कोड (ट्रान्सफरसाठीचा गुप्त संकेत) घेऊन अर्ज टाकल्यावर जुन्या रजिस्ट्रारने हरकत घेतली नाही तर पाच दिवसांनी ट्रान्सफर आपोआप पूर्ण होते. पहिल्या दिवशी तीन बिनमहत्त्वाची नावं पाठवा. ती नीट उतरली की बाकीची दहा-दहाच्या गटात.

नेमसर्व्हर (नावाच्या डीएनएस नोंदी पुरवणारे सर्व्हर) जुन्या रजिस्ट्रारचेच असतील तर ट्रान्सफरच्या आधी झोनची, म्हणजे त्या सगळ्या नोंदींची, पूर्ण नक्कल काढा. एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम या ई-मेलच्या नोंदींसकट सगळं. बरेच रजिस्ट्रार नाव बाहेर गेल्यावर मोफत डीएनएस बंद करतात. त्यातही डीएनएससेक (डीएनएस नोंदींवरची डिजिटल सही) चालू असेल तर जास्त सावध राहा. रजिस्ट्रीत डीएस रेकॉर्ड (सहीच्या किल्लीची खूण) जुन्या किल्लीचा राहतो, नवीन नेमसर्व्हरकडे ती किल्ली नसते, आणि पडताळणी करणारे रिझॉल्व्हर (नावाचा पत्ता शोधून देणारे सर्व्हर) नाव उघडायलाच नकार देतात. आधी डीएस काढा, एक पूर्ण दिवस थांबा (डॉट कॉममध्ये डीएसचा टीटीएल, म्हणजे नोंद साठवून ठेवण्याचा काळ, ८६,४०० सेकंद आहे), मग नेमसर्व्हर हलवा, सगळं स्थिर झालं की नव्याने सही करा.

---

खतावणी

पैशाच्या बाजूने भर घालते, कारण तारखा जुळल्यावर गाडी नेमकी इथे अडते.

आतापर्यंत महिन्याला पाच-सहा हजार रुपये कार्डावरून आपोआप जात होते. आता एका दिवशी लाखाच्या आसपास जाणार. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांत कार्डावरची आवर्ती वसुली १५,००० रुपयांपर्यंतच ओटीपीशिवाय होते. त्यावर प्रत्येक वेळी ग्राहकाची मंजुरी लागते, आणि वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. भारतात काढलेलं कार्ड परदेशी रजिस्ट्रारकडे लावलं असेल तरी हेच लागू. म्हणजे ऑटो-रिन्यूवर भरवसा ठेवून तुम्ही ४७ नावं एका तारखेला आणलीत, तर त्या तारखेला एकत्र वसुली फेल होते आणि सगळीच नावं एकाच वेळी मुदतीबाहेर जातात. विखुरलेल्या तारखांमध्ये निदान एकेक नाव पडायचं आणि लक्षात यायचं.

उपाय साधा आहे. रजिस्ट्रारच्या रिसेलर खात्यात आगाऊ शिल्लक ठेवा आणि ती एनईएफटीने भरा, कार्डाने नव्हे. कामाच्या दिवसाच्या चार दिवस आधी पैसे जमा झालेले दिसले पाहिजेत. ऑटो-रिन्यू चालूच राहू द्या, पण ते कार्डाऐवजी शिल्लक रकमेतून जाईल असं बसवा. वार्षिक फेरीतून एखादं नाव निसटलंच तर ते जाळं उपयोगी पडेल.

२५ जून ही तारीख मला आवडली. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ जूनला आगाऊ कराचा पहिला हप्ता, २० ला जीएसटीआर-३बी. हे सगळं उरकल्यावर लेखा विभाग फोन उचलतो. ३१ मार्च कधीही घेऊ नका: बँका आपल्या कामात, मंजुरी देणारे आपल्या कामात, आणि शिल्लक बजेट आधीच खर्ची पडलेलं. दिवाळीचा आठवडाही नको. डिसेंबरअखेर परदेशी रजिस्ट्रारचा सपोर्ट सुट्टीवर असतो.

बिलात सिंकची ओळ वेगळी काढा आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं स्पष्ट लिहा. ३१७ दिवसांची मुदत आर्थिक वर्ष ओलांडते, मग ग्राहकाचा लेखापाल पुढच्या वर्षाचा भाग आगाऊ खर्चात टाकतो. तारखा नसतील तर तो तुम्हालाच विचारणार. तुम्ही ग्राहकाकडून आगाऊ रक्कम घेतलीत तर सेवांवरचा जीएसटी रक्कम मिळाली तेव्हाच देय होतो, बिल नंतर काढू असं म्हणून चालत नाही. आणि परदेशी रजिस्ट्रारला थेट पैसे देत असाल तर आयात सेवेवर रिव्हर्स चार्जने (विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने) आयजीएसटी भरायचा असतो. क्रेडिट मिळतं, पण नोंद राहून गेली की लेखापरीक्षणात निघते.

---

मुदतवाढ

खतावणी ताईंनी एकत्र वसुली फेल होण्याचं जे सांगितलं, त्याच कारणासाठी काही नावं या टोपलीत टाकूच नका. कंपनीचं मुख्य नाव, ज्यावर ई-मेल चालतो ते नाव, आणि नेमसर्व्हर ज्या नावाखाली आहेत ते नाव. ही तीन-चार नावं आजच पाच वर्षांपर्यंत पुढे ढकला आणि दरवर्षी एकेक वर्ष भरत राहा, म्हणजे शिल्लक कधीच चार वर्षांच्या खाली येत नाही. बाकी सगळा कारभार कोलमडला तरी मेल आणि डीएनएस उभं राहतं.

रजिस्ट्रार खात्याचा ई-मेल याच ८३ पैकी कुठल्या नावावर आहे का तेही तपासा. बऱ्याच कंपन्यांत असतो. नाव मुदतीबाहेर गेलं की मेल बंद, मेल बंद झाला की रिन्यूअलची सूचना आणि पासवर्ड बदलण्याची लिंक दोन्ही पोचत नाहीत. डोमेन नावांचे जागतिक नियम ठरवणाऱ्या आयकॅनच्या धोरणाप्रमाणे जेनेरिक नावांना साधारण एक महिना आधी, एक आठवडा आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत अशा तीन सूचना येतात. त्या दुसऱ्याच, या यादीबाहेरच्या पत्त्यावर गेल्या पाहिजेत, आणि तो पत्ता एका माणसाचा नको, विभागाचा हवा.

---

पंचगंगा_होस्ट

खाते-ईमेल खरंच त्यांच्या मुख्य डॉट कॉमवर आहे, आजच बदलायला सांगतो. पण मालकाचा ई-मेल बदलल्याने लॉक बसतो म्हणालात, तर ३१ नावांच्या ट्रान्सफरला अडथळा येईल का? शेवटचं एक: ग्राहक रिझर्व्ह बँकेचा दाखला देत विचारतोय की त्यांच्या समूहातल्या सहकारी बँकेचं नवीन डॉट बँक डॉट इन नावही याच बिलात घेता येईल का?

---

झोनफाइल

रजिस्ट्रारच्या खात्याचा लॉगिन ई-मेल आणि नावाच्या नोंदीतला मालकाचा ई-मेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉगिनचा आजच बदला, त्याने लॉक बसत नाही. फक्त बदलताना ‘सर्व नावांच्या संपर्कालाही लागू करा’ अशी खूण आधीपासून केलेली असते ती काढा. मालकाचा ई-मेल ट्रान्सफर झाल्यावर नवीन खात्यात बदला. मात्र ट्रान्सफर पूर्ण होईपर्यंत जुना पत्ता चालू राहिला पाहिजे, कारण ट्रान्सफरची सूचना आणि हरकतीची लिंक तिथेच येते.

डॉट बँक डॉट इन वेगळं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना या नावांवर येण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती, आणि त्याचा एकमेव रजिस्ट्रार आयडीआरबीटी (रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली संस्था) आहे. ते नाव तुमच्या रजिस्ट्रारकडे आणता येणार नाही, त्याचं रिन्यूअल बँकेनेच आयडीआरबीटीकडे करायचं. तुमच्या तक्त्यात स्मरणासाठी एक ओळ ठेवा, बिलात नको. बँकेचं जुनं डॉट कॉम किंवा डॉट को डॉट इन मात्र नक्की रिन्यू करत राहा. नवीन पत्ता आला म्हणून जुना सोडला आणि तो दुसऱ्या कोणी घेतला, तर ठेवीदार जुन्या सवयीने तिथेच लॉगिन करायला जातील.

फेरी झाल्यावर दुसऱ्या दिवशी ८३ च्या ८३ नावांचा आरडॅप पुन्हा काढा आणि आदल्या सकाळच्या यादीशेजारी लावा. तारीख अपेक्षेप्रमाणे सरकली का, स्टेटसमध्ये ‘ऑटो रिन्यू पीरियड’ किंवा ‘होल्ड’ कुठे उरलंय का, नेमसर्व्हर तेच आहेत का, काढलेले लॉक परत बसले का, एवढं पाहा. चुकून झालेलं रिन्यूअल पाच दिवसांच्या ग्रेसमध्ये नाव डिलीट करूनच परत मिळतं, पैसे परत घेण्यासाठी चालतं नाव कोणी डिलीट करणार नाही. त्यामुळे जादा वर्ष गेलेलं आढळलं तर ते तसंच राहू द्या आणि पुढच्या वर्षीच्या यादीत त्या नावापुढे ‘या वर्षी नको’ अशी नोंद लगेच करा.